तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या रेडिओत रेग्युलेटर कशाला?

आईचा जुना ट्रान्झिस्टर मी रिचार्जेबल केला हे ज्यांना कळलंय ते सगळे फिरून फिरून एकच विचारतात, की लिथियमचा सेल सरळच जोडायचा ना, मध्ये तो रेग्युलेटर (व्होल्ट ठरावीक ठेवणारा छोटा भाग) कशाला, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा पॉवर बँक का नाही लावलीत? तर आता एकदा नीटच सांगतो.

रेडिओ दोन मोठ्या सेलचा, म्हणजे ३ व्होल्टचा. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांपासून तो जो लागतो तो आई झोपेपर्यंत. सेल सारखे बदलावे लागायचे, आणि एकदा संपलेले सेल आतच राहून पाझरले, स्प्रिंगांवर पांढरी हिरवट पूड धरली, ती मी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने खरवडून काढली आणि तेव्हाच ठरवलं की हे आता बंद.

पॉवर बँक मी आधी लावून बघितलीच होती हो. तिचे ५ व्होल्ट एएमएस१११७ नावाच्या रेग्युलेटरमधून ३.३ वर आणले आणि रेडिओला दिले. अर्ध्या मिनिटात रेडिओ गप्प. कारण मीटर लावून बघितलं तर हा रेडिओ बेताच्या आवाजात ४० मिलिअँपिअरच ओढतो, पॉवर बँकेला वाटतं मोबाईल फुल झाला, आणि ती स्वतःला बंद करून घेते. पण त्याहून वाईट म्हणजे जो अर्धा मिनिट चालला त्यात ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र ऐकूच येईना, आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हे काय भजी तळल्यासारखं वाजतंय?" आणि अगदी तसाच आवाज होता तो. पॉवर बँकेत सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ करायला एक बूस्ट कन्व्हर्टर असतो, तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि मीडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ, म्हणजे ती सगळी खटखट आणि तिच्या पटी नेमक्या तिथेच येऊन पडतात, रेडिओतला फेराइट रॉड, म्हणजे आतली अँटेना, इमानाने सगळं गोळा करतो. मोबाईल चार्ज करताना कोणाला हे कधी कळणारही नाही, रेडिओला मात्र तेच ऐकू येतं.

मग सेल सरळ का नाही? लिथियमचा १८६५० सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. नवे कोरे दोन साधे सेल मिळून फार तर ३.२. काही रेडिओ जास्तीचं सोसतातही, पण चाळीस वर्षांच्या सर्किटवर, ते पण आईच्या, मला हा जुगार खेळायचा नव्हता.

म्हणून लिनिअर रेग्युलेटर, जो खटखट करत नाही, जास्तीचे व्होल्ट मुकाट उष्णतेत घालवतो. इथे ती उष्णता किती, तर १.२ व्होल्ट गुणिले ४० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ वॉटसुद्धा नाही, हाताला कळत नाही. पण एएमएस१११७ इथे चालत नाही, त्याला स्वतःलाच वर एक व्होल्टभर लागतो, सेल ३.७ वर आला की खाली २.६ च उरतात. शिवाय तो नुसता बसून ५ मिलिअँपिअर खातो, २००० चा सेल सोळा-सतरा दिवसांत रेडिओ न लावताच रिकामा. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून एचटी७३३० रेग्युलेटर आणला, ३ व्होल्टचा, स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेतो आणि सेल ३.१ पर्यंत उतरला तरी रेडिओ नीट वाजतो.

जोडणी सोपी आहे. सेल होल्डरमध्ये, होल्डर टीपी४०५६ या चार्जिंग मॉड्यूलच्या बी प्लस-बी मायनसला (प्रोटेक्शनवालंच मॉड्यूल घ्या, साधं नको), आउट प्लस-आउट मायनसवरून एचटी७३३०, त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, मग रेडिओ. इथेच लोक चुकतात, ७८०५ या नेहमीच्या रेग्युलेटरच्या सवयीने पाय लावतात. एचटी७३३० ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा क्रम आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फार जुना रेडिओ असेल तर बऱ्याचदा चेसिसला प्लस असतो, तेही आधी बघून घ्या. आणि सेलवर सरळ सोल्डर करू नका, प्लीज, होल्डर वीस-तीस रुपयांना मिळतो.

दोन-तीन पोरांनी विचारलं की हीच वायरिंग करून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बनेल का. नाही. अर्ध्या ओहमची कॉइल ४.२ व्होल्टला ८ अँपिअरच्या वर ओढते, हे निळं टीपी४०५६ मॉड्यूल ३ च्या आसपासच तोडतं, आणि ते वगळून लॅपटॉपमधला जुना सेल कॉइलला लावला तर तो तोंडाजवळ तापणार, फुटूही शकतो. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेट बनवायलाच बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं, मला त्या पोरांची काळजी वाटते.

आता सेल दर दोन-तीन दिवसांनी, रात्री रेडिओ बंद करून चार्जिंगला लावतो. चालू ठेवून लावला तर अडॅप्टरचा आवाज येतो आणि मग आई लगेच विचारते, भजी कुठली रे?