एका पानाला किती वेळ लागतो?

स्कॅन केलेली पुस्तकं, जुनी टंकलिखितं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं यांतून यंत्राने जो मजकूर काढलेला असतो, तो माणसाला वाचता येईल असा करून देणं हे माझं काम. ते ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एका पानाला किती वेळ लागतो? आजवर मी "पानावर अवलंबून आहे" म्हणत वेळ मारून नेली. तुम्ही तुमच्या दोनशे पानांसाठी दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून सरळ सांगते. अगदी खराब पानाला ५-७ मिनिटं. स्वच्छ दिसणाऱ्या पानाला २०.

आकडे उलटे पडलेले नाहीत. खराब पान स्वतःच बोंब मारून सांगतं की इथं बिघडलंय. 'शनिवार'चा 'शिनवार' आणि 'कवि'चा 'किव' झालेला मजकूर तुम्हीही कधी ना कधी पाहिला असेल. युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची आज सगळीकडे चालणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉंटांमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवली जायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रूपांतर करताना ही अदलाबदल राहून गेली की सगळ्या वेलांट्या शेजारच्या घरी जाऊन बसतात. दिसायला भयंकर, पण रोग एकच आणि सगळीकडे सारखा, त्यामुळे औषधही एकदाच द्यावं लागतं. दोन रकान्यांचं पान यंत्राने आडवं सलग वाचलं असेल, वाक्याच्या मधोमध प्रकरणाचं नाव आणि पृष्ठांक घुसला असेल, ओळीच्या शेवटी 'उप-' तुटून पुढच्या ओळीत 'योग' गेला असेल, तर तेही दुरून दिसतं आणि भराभर निघतं.

भराभर काढतानाच मी एकदा माती खाल्ली होती. 'ख' हे अक्षर यंत्राला बऱ्याचदा 'र' आणि 'व' असं दोन तुकड्यांत दिसतं. त्या फाइलमध्ये 'रवूप' होतं, 'रवरं' होतं, 'रवोली' होती. रात्र झाली होती, ३००च्या वर पानं शिल्लक होती. 'रव' दिसेल तिथे 'ख' कर, असं फर्मान सोडलं, फाइल जतन केली आणि झोपले. सकाळी पाहते तो 'परवानगी'ची 'पखानगी', 'मिरवणुकी'ची 'मिखणूक', कौरवांचे कौख. मराठीत 'रव' किती ठिकाणी लपलेला असतो ते त्या दिवशी कळलं: ठरवलं, फिरवलं, पुरवलं, आणि जे जे हरवलं होतं ते सगळं हखलं होतं. उलटा हुकूम द्यावा तर खरे 'ख'सुद्धा फुटणार. तेव्हापासून मूळ फाइलला हात लावत नाही, आधी प्रत काढते. आणि बदल सांगताना अक्षरांची जोडी न देता अख्खा शब्द देते: 'रवूप'चं 'खूप', 'रवरं'चं 'खरं'.

आता स्वच्छ पानाकडे येऊ. तिथे चूक असते, पण ती चूक दिसत नाही, कारण तोही एक बरोबर शब्दच असतो. 'घर', 'धर', 'थर' तिन्ही मराठी शब्द, तिन्ही शुद्ध, शुद्धलेखन तपासणारं साधन तिघांनाही सलाम करून पुढे जातं. डोंगरातल्या 'दऱ्या'चा रफार देऊन 'दर्या' होतो. "खोल दर्या पाहून तो थबकला" या वाक्यात चूक काढून दाखवा. माणूस डोंगरात उभा आहे हे मागच्या परिच्छेदातून लक्षात असेल तरच समुद्र खटकेल.

एका भाषणाच्या पानावर वाक्य होतं: "प्रसंगाचे मान ठेवून ते थोडक्यात बोलले." दोनदा वाचून मी पुढे गेले होते. तिसऱ्यांदा 'चे' टोचलं. मान ठेवायचा तर 'प्रसंगाचा' हवा. मूळ पानाचा फोटो मोठा करून पाहिला, तर शब्द होता 'भान'. 'भ'च्या डोक्यावरची फट शाईने बुजली होती, यंत्राने 'म' वाचला. इथे व्याकरणाने चहाडी केली म्हणून चोर सापडला. पण वाक्य नुसतं "मान ठेवून ते बोलले" असतं तर? आदर राखून बोलले की परिस्थिती ओळखून बोलले, हे मजकूर सांगणार नाही, फक्त फोटो सांगेल. म्हणून ती २० मिनिटं. नजर एकदा पानावर, एकदा पडद्यावर, ओळीखाली पट्टी धरून.

काही चुका तर फोटोतही दिसत नाहीत. 'दुःख'मध्ये विसर्ग आहे की विसर्गाच्या जागी टंकलेला अपूर्णविराम, हे डोळ्याला कळत नाही. पण तुम्ही विसर्गाचं 'दुःख' शोधायला जाता आणि अर्धीच सापडतात. हे मात्र यंत्राकडूनच करून घ्यावं, त्यात शहाणपण लागत नाही.

शहाणपण लागतं ते काय दुरुस्त करायचं नाही ते ठरवायला. जुन्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार असतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिहिण्यातूनही गेले. आता त्याआधीचं पुस्तक समोर आहे. त्यातले काही ठिपके यंत्राने टिपलेत, काही पुसट म्हणून सोडलेत, काही कागदावरच्या डागांतून नवे आणलेत. एकाच पानावर 'नाहीं'ही आहे आणि 'नाही'ही. सरसकट काढून टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी 'घरांत' दाखवते. तेव्हा त्याचा अर्थ होता एका घरात. आज तोच शब्द अनेक घरांबद्दल बोलतो. ठिपका ठेवला तर आजचा वाचक फसतो, काढला तर जिथे खरोखरच अनेक घरं होती तिथे एकच उरतं. म्हणजे प्रत्येक 'घरांत'पाशी थांबून मोजावं लागतं. माझं मत विचाराल तर जुनं लेखन जसंच्या तसं ठेवावं. आधुनिक करायचंच असेल तर तसं सुरुवातीला छापून सांगावं. अर्धवट केलेलं मात्र मला बघवत नाही.

ध्वनिमुद्रणाचं दुखणं वेगळं. मराठी माणूस बोलायला सुरुवात करताना "नाही" म्हणतो आणि नाकारत काहीच नाही. "नाही, मी तेव्हा तिथेच होतो." कानाला यात काही वावगं वाटत नाही. कागदावर तो आरोपाचा इन्कार होतो. भरतीचा शब्द म्हणून उडवावा, तर कधीतरी तो खराखुरा नकार असतो आणि आपण माणसाची साक्षच फिरवून ठेवतो. 'म्हणजे'चंही तसंच. दहापैकी आठ वेळा तो श्वास घ्यायला वापरलेला असतो, पण "पाऊस थांबला म्हणजे निघू" यातला काढलात तर वाक्य कोसळतं. तेव्हा कानाला हेडफोन लावून प्रत्येक 'नाही' पुन्हा ऐकायचा, सूर वर गेला की खाली आला ते पाहायचं. बोलणाऱ्याचं 'व्हतं' आणि 'न्हाई' मी बदलत नाही. यंत्राने आपणहून 'होतं' केलेलं असेल तर ऐकून परत 'व्हतं' करते, आणि त्यावरून दर वेळी कुणाशी तरी वाद होतो.

हल्लीची हुशार साधनं मजकूर गुळगुळीत करून देतात. मीही वापरते, पण धास्तावून. फाटलेल्या जागी ती भोक ठेवत नाहीत, शोभेलसं ठिगळ लावतात. ध्वनिमुद्रणात कुणी नुसतं गप्प बसलं असेल, तिथेही कधीकधी वाक्य उमटतं. मळका मजकूर निदान मळका दिसतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की यात कुणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे करवंटी, समजावी. हे वाक्य माझ्या टेबलासमोर लिहून लावावं असं कितीदा मनात येतं. वाचता न आलेल्या जागी मी चौकटी कंसात 'अवाच्य' लिहून पुढे जाते. लोकांना ते आवडत नाही, पैसे देऊन भोक विकत घेतल्यासारखं वाटतं.

तर तुमच्या दोनशे पानांचा हिशोब आत्ता सांगता येणार नाही. फाइल पाठवाल तेव्हा मूळ पानांचे फोटोही पाठवा. वाकडे असले, कोपऱ्यात अंगठा आला असला तरी चालेल.