ओला चमचा

नवतपा लागला की आमच्या घरात दोन कामं निघतात. कूलरची टाकी घासायची आणि कैरीचं लोणचं घालायचं. पहिलं माझ्याकडे, दुसरं आईकडे.

बाहेर पारा 45 वर. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. टाकीत मात्र नुसती जत्रा! पंधरा दिवसांपूर्वीच घासली होती, तरी भिंतींना हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि पाण्यात डासांच्या अळ्या उलट्यासुलट्या वळवळतायत. उन्हाळ्यात नागपूर ओस पडतं म्हणतात, ते फक्त माणसांपुरतं खरं आहे.

आईच्या बरणीत मात्र वर्षभर काही उगवत नाही. कैरी काही कोरडी नसते, खार तर चांगला सुटतो. पण मीठ ते पाणी असं धरून ठेवतं की जंतूला प्यायला मिळत नाही. उलट त्याच्याच अंगातलं ओढलं जातं. म्हणून तिचा एकच कायदा: "ओला चमचा घालू नको रे!" चमच्यासोबत थोडं मोकळं पाणी गेलं, की चार दिवसांत वर पांढरी बुरशी.

इथिओपियात दल्लोल म्हणून एक जागा आहे. पिवळी-हिरवी, गरम, जहाल आम्लाची तळी. त्यातल्या सगळ्यात कडक पाण्यात जिवंत काहीच सापडलं नाही, असं 2019 सालच्या एका अभ्यासात निघालं. पाणी भरपूर, पण मॅग्नेशियमच्या क्षारांनी गच्च बांधलेलं. म्हणजे बरणीच की!

नुसत्या उष्णतेला जीव भीत नाही. हिंदी महासागराच्या तळातून आणलेला एक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत 122 अंशांनाही वाढला. दाबामुळे तिथे पाणी उकळत नाही, पाणीच राहतं. त्याला आमचा मे महिना म्हणजे महाबळेश्वर.

मिठाचाही भरवसा नाही म्हणा. आपलं बुलढाण्यातलं लोणार सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच सुखाने नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात मोहरी कमी पडली असेल."

टाकी घासून आत आलो. वरणभात वाढलेला होता. मी बरणीकडे हात नेला, तशी तिने ती उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"आधी हात पूस."