थंडी नवेगावच्या पाण्यावरून जाते

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो. माझं आजोळ साकोली तालुक्यातलं. आजी त्या दिवशी गोधड्या उन्हात टाकायची आणि संध्याकाळी घडी घालून माळ्यावर चढवायची. थंडी अशी एका दिवसात जात नाही, हे मला फार उशिरा कळलं, तेही कॅमेरा हातात आल्यावर. ती आधी पाण्यावरून जाते, मग रानातून, आणि घरातून सगळ्यात शेवटी. म्हणून गेली चार वर्षं मी ती जाताना बघायला नवेगावबांधच्या तलावावर जातो.

दोन्ही समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव हाच आमचा समुद्र. सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी, भोवती डोंगर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून हे पाणी अडवलं. लोकांनी पुढे त्यांना कोलासुर म्हणून देवत्व दिलं. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारीतल्या) तलावांमागे कोहळी समाजाची ही विद्या आहे. पाळ कुठे घालायची, सलंग म्हणजे सांडवा कुठे काढायचा, तुडुमातून म्हणजे पाळीतल्या मोरीतून पाणी कोणत्या पाटाला सोडायचं, हे त्यांनी डोळ्यांनी मोजलं. पाळीवर ट्रायपॉड रोवताना माझा हात दर वेळी त्या मातीला लागतो.

यंदाची पहिली फेरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. नागपूरहून पहाटे तीनला निघालो. भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला उजवीकडे वळलो आणि साडेपाचच्या सुमारास पाळीवर होतो. बोटं इतकी गारठली होती की लेन्सचं झाकण काढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. पाण्यावर धुकं होतं, पण ते वरून उतरलेलं नव्हतं. रात्रभरात हवा पाण्यापेक्षा जास्त थंड होते. मग पाण्याची वाफ वर येताच गोठल्यासारखी दिसते आणि तलाव चुलीवर ठेवलेल्या गंजातल्या पाण्यासारखा वाफाळतो. हे दृश्य थंडीचंच. मार्चमध्ये रात्र तेवढी गार राहत नाही आणि ही वाफ सहसा दिसत नाही.

या धुक्यात कॅमेऱ्यावर विसंबून चालत नाही. सगळीकडे उजेड दिसला की तो फोटो काळवंडवतो आणि पांढरं धुकं राखेसारखं येतं. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवला तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांना दिसत होतं ते उतरलं: धुक्यात अर्धा बुडालेला एक डोंगा, आणि त्यात उभं राहून जाळं ओढणारे धीवरकाका.

काका बाहेर आले तेव्हा मी त्यांना पाखरांबद्दल विचारलं.

“हायेत ना जी. त्या अंगाला गवतावर चरून रायले. पन जवर नोको जाऊ, बसूनच राय. तेच येतेत मंग.”

मी बसलो. आजोळी शिवलेली एक कापडी थैली माझ्याजवळ आहे, लाखोळीच्या डाळीनं भरलेली. काठावर आडवं पडून लेन्स तिच्यावर ठेवली की हात हलत नाही, आणि जमिनीच्या पातळीवरून पाखराच्या डोळ्यात डोळा घालता येतो. पाऊण तासानं पट्टकादंब चरत चरत पुढे आले, अठरा-वीस असतील. राखी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. एकाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चोचीला गवताचं ओलं पातं चिकटलेलं होतं, आणि त्याच्या टोकाला दवाचा थेंब. मी शटर दाबायला थोडा उशीर केला. मला आधी नुसतं बघायचं होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तीन वर्षांपूर्वी अशाच एका तलावावर मी एका बोटीत होतो. उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून नावाड्याने बोट सरळ थव्यात घातली. सगळे उठले. मीही भराभर फोटो काढले. त्यातला एक फार सुंदर आहे, पण मी तो कुठेही लावलेला नाही. परतीच्या प्रवासाआधी या पाखरांना पोटभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते. दर वेळी उठवलं की त्यातलं थोडं खर्ची पडतं. तेव्हा मी “थांबवा” म्हणायला हवं होतं. आता बोटीत बसलो की पहिलं वाक्य तेच बोलतो.

दुसरी फेरी महाशिवरात्रीनंतर आठवडाभराने. याच तालुक्यात प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. महादेवाचं स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा दोन्ही तिथेच आहेत. यात्रा सरली होती, पण रस्त्याच्या कडेला रेवड्यांचे कागद अजून उडत होते. महिन्याभरात रान पार बदललं होतं. जानेवारीत निळी फुलं घेऊन उभा असलेला जवस पिवळा पडून काढणीला आला होता. पाण्याच्या सोयीच्या बांध्यांत उन्हाळी धान हिरवागार. आंब्याला मोहर. आणि पळस!

पळसाचा फोटो सगळेच काढतात, पण कळी जवळून बघा. काळपट तपकिरी, मखमलीसारखी. बोट फिरवलं तर लव जाणवते. त्या काळ्या मखमलीतून केशरी पोपटाची चोच बाहेर पडते. काळ्याशेजारीच केशरी असतो म्हणून तो इतका पेटतो. उन्हात या रंगाचे बारकावे जातात आणि पाकळी नुसता लाल डाग होऊन बसते. म्हणून मी सूर्य झाडांमागे असतानाच काढतो, उजेड थोडा कमी ठेवून, आणि कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखातली लाल रंगाची रेघ वेगळी तपासतो. तासाभरात त्या एकाच झाडावर शिंजीर, साळुंक्या, कोतवाल आणि एक खार येऊन मध पिऊन गेली. खारीचं तोंड परागांनी पिवळं झालं होतं. माझ्या मते यंदाचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

दुपारी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत गेलो. १९७२ सालापासून ही माणसं इथे धानाच्या मुलखात राहतात. हिवाळ्यात बरीच कुटुंबं शहरोशहरी स्वेटर विकायला जातात आणि थंडी सरली की परततात. घरांवरच्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. एका आजींना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पट्टकादंब दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं, मग उत्तरेकडे हात करून म्हणाल्या, “अब जाएगा.” एवढंच. मीही पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी क्षितिज धुरकट होतं. मोह वेचायला सोपा जावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. मोहफुलांवर कितीतरी घरांचा वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो, हे मला ठाऊक आहे. पण तो जाळ रानात शिरला की जमिनीवरची घरटी, कोवळी रोपं काही उरत नाही. पाला झाडून गोळा करणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. त्यात कष्ट जास्त आहेत. त्या कष्टाची किंमत त्यांना मिळायला हवी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच जागी थैली ठेवून पडलो. वाफ नव्हती, पाणी आरशासारखं स्वच्छ. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी होते, अडई बदकांचा थवा शीळ घालत गेला, मधूनच एखादी टिटवी. पट्टकादंब नव्हते. आठ वाजेपर्यंत वाट बघितली. काका डोंगा लावून आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले.

“परवा रातीच गेले जी. आवाज आलता.”

मग त्यांनी मला थोडं पुढे नेलं. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळाच्या कडेला गवत कातरल्यासारखं खुडलेलं होतं. ओल्या गाळात पावलं उमटली होती, पुढची तीन बोटं आणि मधल्या पडद्याची पुसटशी रेघ. सगळी पाण्याकडे गेलेली. मी गुडघ्यावर बसून तिरप्या उन्हात त्यांचे फोटो काढले. उन्हं चढली तशी गाळाची कड सुकून वर वळायला लागली, आणि एका पावलातून बारीक तडा गेला.