‘कारवी’ रंगतेय: माइनक्राफ्टमधल्या रंगीत नावाची पुढची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत माझं ‘कारवी’ हे नाव सर्व्हरवर नुसतं गडद जांभळं दिसत होतं. आता चॅटमध्ये ते जांभळ्यापासून सुरू होतं, मध्ये आभाळी निळं होतं आणि पोपटीवर येऊन थांबतं. टॅब दाबल्यावर दिसणाऱ्या खेळाडूंच्या यादीतही तसंच. खेळाडूच्या डोक्यावर दिसणाऱ्या नावाच्या पाटीचं काम मात्र निम्मंच झालंय आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: सर्व्हर आमच्या ओळखीच्या मंडळींचा आहे, जावा आवृत्ती १.२१.४, पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालतो. टोपणनावासाठी एसेन्शियल्स-एक्स, परवानग्यांसाठी लकपर्म्स, यादी आणि डोक्यावरची पाटी यांसाठी टॅब नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम).

सुरुवात सगळ्यांची जुन्या सोळा रंगांनीच होते. मूळ खेळात § हे चिन्ह आणि त्यापुढे एक अंक किंवा अक्षर. कीबोर्डवर § सापडत नाही, म्हणून बहुतेक प्लगइन त्याच्या जागी & चालवून घेतात. या सोळा रंगांची घडण एकदा लक्षात आली की पाठ करायची गरज उरत नाही. गडद रंगांत लाल, हिरवा, निळा यांचं (याच क्रमाने, ० ते २५५ मध्ये मोजलेलं) प्रमाण ० किंवा १७०, उजळ रंगांत ८५ किंवा २५५. अपवाद एकच, सोनेरी: २५५, १७०, ०. माझा जुना जांभळा म्हणजे १७०, ०, १७०. चॅटमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी असते आणि खेळ प्रत्येक अक्षराखाली त्याच रंगाच्या पाव उजेडाची सावली काढतो. त्यामुळे हा जांभळा रात्रीच्या वेळी, गुहेत, अगदी मावळल्यासारखा दिसायचा. गडद निळा तर वाचताही येत नाही. तो कुणी नावाला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जून २०२० मध्ये आलेल्या १.१६ आवृत्तीने हवा तो रंग वापरायची सोय दिली आणि खरी मजा तिथून सुरू झाली. दोन टोकांचे रंग द्यायचे, मधल्या अक्षरांचे रंग प्रोग्रॅम काढतो. रोमन लिपीत कारवीची अक्षरं पाच, म्हणजे पायऱ्या चार. पहिलं टोक १८०, १२०, २५५ आणि दुसरं १००, २४०, १५५ घेतलं तर दर अक्षराला लाल २० ने उतरतो, हिरवा ३० ने चढतो, निळा २५ ने उतरतो. तिसऱ्या अक्षरावर येतं १४०, १८०, २०५. कागदावर हिशोब चोख, पण पडद्यावर तो रंग राखाडीकडे झुकतो. समोरासमोरचे दोन रंग सरळ रेषेत जोडले की मध्ये असा फिकेपणा येतोच, तिथे प्लगइनचा काही दोष नाही. उपाय सोपा आहे: मध्ये तिसरा रंग स्वतः द्यायचा. मी ७०, २००, २५५ दिला. आता दुसरं अक्षर १२५, १६०, २५५ आणि चौथं ८५, २२०, २०५. पाचही अक्षरं जिवंत दिसतात. पैठणीचा पदर उजेडात हलवल्यावर एका रंगातून दुसरा जसा वर येतो, तसं काहीसं मला हवं होतं, आणि ते आलं.

एक बारीक गोष्ट मात्र मोठं करून पाहिल्यावरच कळली. खेळाच्या मूळ फॉन्टमध्ये बहुतेक अक्षरं पाच पिक्सेल रुंद असतात, पण लहान ‘आय’ एकाच पिक्सेलचं असतं. माझं नाव त्याच अक्षरावर संपतं. म्हणजे ज्या पोपटीसाठी एवढा खटाटोप, तो एका उभ्या रेघेत अडकणार. म्हणून टोपणनाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मोठं ‘आय’ तीन पिक्सेलचं असतं आणि पोपटी दिसायला तेवढी जागा पुरते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘आय’ किंवा ‘एल’ आहे त्यांनी रंग ठरवताना अक्षरांची रुंदी आधी बघावी. शेवटचा रंग जरा जास्त उजळ ठेवला तरी चालतं.

ठळक करायचा मोह मी आवरला. ठळक अक्षर एक पिक्सेलने रुंद होतं, रंग जास्त दिसतो हे खरं, पण चॅटमध्ये बाकीच्यांची नावं त्यापुढे दबतात. ज्यांना हवंच असेल त्यांनी क्रम सांभाळावा: जावा आवृत्तीत रंगाचा कोड आला की आधीचा ठळकपणा पुसला जातो, म्हणून आधी रंग, मग ठळकपणा. प्रत्येक अक्षराला वेगळा रंग असेल तर ठळकपणाही प्रत्येक अक्षराला पुन्हा द्यावा लागतो. बेडरॉकमध्ये (मोबाइल, कन्सोलवरच्या आवृत्तीत) असं होत नाही, तिथे ठळकपणा पुढे चालू राहतो.

आता लांबीचा घोळ, कारण यावर सगळ्यात जास्त जण अडतात. एसेन्शियल्स-एक्समध्ये टोपणनावाची मर्यादा मुळात १५ असते आणि त्यात रंगांचे कोडही मोजले जातात. हवा तो रंग आतमध्ये § आणि एक चिन्ह अशा सात जोड्यांत साठवला जातो, म्हणजे एका अक्षरामागे १४ चिन्हं. माझ्या पाच अक्षरांचं नाव तिथे ७५ चिन्हांचं होतं. १५ च्या मर्यादेत रंगीत अक्षर एकच बसेल! मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा रंग न मोजण्याची सेटिंग चालू करणं बरं. मग १५ म्हणजे खरोखरची १५ अक्षरं राहतात आणि कुणी चॅटभर पसरणारं नाव घेऊ शकत नाही. टोपणनावाआधी येणारं ~ हे चिन्ह मी मुद्दाम ठेवलं आहे. समोर दिसतंय ते खात्याचं नाव नाही हे त्यावरून कळतं आणि खरं नाव शोधायची कमांड आहेच.

परवानग्यांबाबत मी कडक आहे. साधे रंग सगळ्यांना. सतत बदलत राहणारी जादूची अक्षरं कुणालाच नाहीत, कारण त्या नावाच्या माणसाला हाक कशी मारायची? गडद लाल फक्त व्यवस्थापकांना. लहान मुलं खेळतात तिथे व्यवस्थापक कोण हे रंगावरून लगेच कळायला हवं. एका रंगातून दुसऱ्यात सरकणाऱ्या रंगांच्या पट्ट्यासाठी मिनीमेसेज या मजकूर सजवायच्या भाषेचे टॅग वापरत असाल तर खेळाडूंना रंग आणि पट्टा एवढेच टॅग उघडा. त्याच भाषेत क्लिक केल्यावर कमांड चालवणारे टॅगही आहेत. ते नावात शिरले तर नावावर क्लिक करणाऱ्याकडून भलतीच कमांड चालवून घेता येते.

टॅबच्या यादीत काही अडचण नाही. तिथे दिसणारं नाव वेगळं देता येतं, सगळे रंग चालतात. गायझरवरून (बेडरॉकवाल्यांना जावा सर्व्हरवर आणणाऱ्या प्रोग्रॅमवरून) मोबाइलने येणाऱ्यांना मात्र हा पट्टा सलग दिसत नाही. बेडरॉकमध्ये ठरावीकच रंग असल्याने प्रत्येक अक्षर त्यातल्या जवळच्या रंगावर जाऊन बसतं. म्हणून मोबाइलवाल्या मित्राला दाखवल्याशिवाय रंग पक्के करू नका.

डोक्यावरची पाटी हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे खात्याचं नाव दिसतं, टोपणनावाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा रंग स्कोअरबोर्ड या खेळातल्याच सोयीत खेळाडू ज्या टीममध्ये असेल तिच्यावरून ठरतो आणि टीमचा रंग आजही जुन्या सोळांपैकीच एक लागतो. पूर्ण नाव एकाच रंगात. पण टीमचं आधीचं आणि नंतरचं जोडपद, म्हणजे नावाच्या आधी आणि नंतर जोडला जाणारा मजकूर, या बंधनात नाही. १.१३ पूर्वी त्यांनाही १६ चिन्हांची मर्यादा होती, आता तीही नाही. म्हणून नावाला उजळ आभाळी दिला (८५, २५५, २५५, माझ्या मधल्या रंगाच्या सगळ्यात जवळचा), आधी ✿ जांभळ्यात आणि नंतर ❖ पोपटीत. दुरून पाहिलं तर तिन्ही रंग त्याच क्रमाने दिसतात.

नंतरच्या जोडपदात देवनागरी ‘कारवी’ टाकून पाहिलं, आणि या सगळ्या कामात मला सर्वात आवडलेला भाग हाच. खेळ देवनागरीची जुळणी करत नाही, साठवलेलं प्रत्येक चिन्ह ओळीने वेगळं काढतो. त्यामुळे ‘शिवनेरी’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे पडते आणि ‘सह्याद्री’मधली जोडाक्षरं सुटी होतात. पण काना आणि दुसरी वेलांटी मुळातच अक्षरानंतर येतात. म्हणून कारवी, गारवा, राजगड, पारवा अशी नावं नीट वाचता येतात. ‘कारवी’ची चिन्हंही पाचच: क, काना, र, व, वेलांटी. रोमन नावासाठी काढलेले पाचही रंग जसेच्या तसे बसले. ‘क’ जांभळा, त्याचा काना निळसर, ‘र’ आभाळी, ‘व’ हिरवट निळा आणि वेलांटी पोपटी. रेघ मात्र रोमन अक्षरांपेक्षा निम्मी बारीक येते, कारण ही अक्षरं युनिफॉन्ट या दुसऱ्या फॉन्टमधून दुप्पट बारकाईची घेतलेली असतात. म्हणून देवनागरीसाठी सगळे रंग थोडे उजळ केले आहेत. टोपणनावातच देवनागरी हवी असेल तर एसेन्शियल्स-एक्समधला चालणाऱ्या अक्षरांचा नियम बदलावा लागतो. मुळात तो रोमन अक्षरं, अंक आणि खालची रेघ एवढंच स्वीकारतो.

पाटीवर पूर्ण पट्टा आणायचा एक मार्ग उरलाय: मूळ पाटी लपवायची आणि १.१९.४ मध्ये आलेली टेक्स्ट डिस्प्ले ही हवेत मजकूर दाखवणारी वस्तू खेळाडूच्या डोक्यावर बसवायची. तिला सगळे रंग चालतात. अडचण दबकून चालण्याची आहे. मूळ पाटी दबकल्यावर फिकी होते आणि भिंतीआडून दिसत नाही, टेक्स्ट डिस्प्लेला हे आपोआप जमत नाही. आमच्याकडे लपाछपी जोरात चालते, तेव्हा पाटीने लपणाऱ्याला पकडून देणं चालणार नाही. दबकल्याबरोबर डिस्प्लेची पारदर्शकता बदलणारं छोटं प्लगइन लिहायला घेतलंय. ते आधी चाचणीच्या जगात चालवणार आणि लपाछपी खेळणाऱ्यांनी होकार दिला तरच मुख्य सर्व्हरवर आणणार.