शिवलेली नऊवारी: सगळा खेळ आसनाचा

लग्नासाठी नऊवारी शिवून घ्यायची ठरलं की आपण आधी ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो गोळा करतो. मीही चाळीसेक फोटो घेऊन गेले होते. साताऱ्यात गोडोलीला ज्या काकूंकडे शिवायला टाकली, त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला टेकवलेला पाट खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आधी मांडी घालून बस बघू."

पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप नेली की आसनाचं माप मिळतं. माझं उभ्याने 28 इंच आलं, मांडी घातल्यावर साडेतीस. हे अडीच इंच कापडात नसतील तर बसताना एक तर काष्टा कमरेतून खाली ओढला जातो, नाही तर आसनाची शिवण उसवते. नवरी उभी असते ती अंतरपाटापुढे, मंगलाष्टकं संपेपर्यंत. गौरीहर, कन्यादान, होम हे सगळं पाटावर बसून. त्यामुळे कोणी फक्त उभ्याने माप घेत असेल तर आपणच बसून दाखवायचं, लाजायचं नाही. काकू आसनात चौकोनी कळी घालतात, सलवारीला असते तशी. चारही शिवणी एका टोकाला येऊन मिळत नाहीत, त्यामुळे ताण वाटला जातो. तिथली शिलाई दुहेरी आणि खालून सुती पट्टी. रेशमी कापडाची खोड अशी की दोरा तुटत नाही, शिवणीजवळचे धागेच बाजूला सरकतात आणि भोकं पडतात. एकदा सरकले की ते परत जागेवर येत नाहीत.

कापडाबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट. हातमागाची खरी पैठणी कापायला देऊ नका. ती सहावारीच नेसा. काही शिवणाऱ्या न कापता, घड्या घालून कच्च्या टाक्यांवर नऊवारी बांधून देतात. पण कमरेशी कापडाचा गठ्ठा होतो आणि ताणाच्या जागी टाके उसवतात. कापून शिवायची असेल तर सेमी सिल्क किंवा कॉटन सिल्क बरं. माझं कापड साताऱ्याच्या खण आळीतून घेतलं. 9 वार म्हणजे 8.23 मीटर, पण दुकानातली घडी प्रत्येक वेळी तेवढी भरतेच असं नाही. काउंटरवरच मोजून घ्या. त्याहून महत्त्वाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. कमरेपासून टाचेपर्यंत माझं माप 40 इंच. त्यात वर पट्ट्यात जाणारं आणि बसल्यावर ओढलं जाणारं धरलं की 45 पन्ह्यात जेमतेम बसतं. उंच मुलींनी 48 चाच पन्हा बघावा. खाली काठ असल्यामुळे कापड कमी पडलं तर जोड लावायलाही जागा राहत नाही.

वेळेचं गणित पंचांगावर चालतं. तुळशीची लग्नं लागली की चांगल्या शिवणाऱ्या बायकांच्या वह्या भरतात. पौषात लग्नं नसतात, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते. माझं लग्न वैशाखातलं, कापड मी पौषात दिलं. ब्लाउजवर आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेलं भरतकाम, असेल तर दोन महिने हातात हवेतच, कारण ते ब्लाउज शिवायच्या आधी होतं. काकू अखंड कापडावर खडूने पुढचा, मागचा भाग आणि बाह्या आखून देतात, आरीवाला ते कापड फ्रेमवर ताणून भरतो आणि नंतर ते कापलं जातं. फ्रेमवर ताणायला आखणीच्या चारी बाजूंनी 3-4 इंच कापड जास्त लागतं. साडीबरोबर मिळणारा 80 सेंटीमीटरचा पीस त्यात पुरत नाही. मी वेगळं सव्वा मीटर घेतलं. शिवणीपासून अर्ध्या इंचात मणी भरायचा नाही हेही आधीच सांगून ठेवायचं. मशीनची सुई मण्यावर आपटली की एक तर सुई तुटते, नाही तर मणी.

आणि आखणीच्या वेळी नक्षीचं डोकं कुठे ते बाणाने दाखवा. माझ्या एका बाहीवरचे मोर उलटे भरून आले, चोच कोपराकडे. आरीवाल्याची चूक म्हणावी तर कापडावर खूणच नव्हती. बाही परत भरण्यात बारा दिवस गेले. पौषात सुरुवात केली होती म्हणून निभावलं.

ब्लाउजचं माप, लग्नात जी ब्रा घालणार तीच घालून द्यायचं. कप लावायचे की नाही हेही त्याच दिवशी ठरवायचं, मागाहून लावले तर छातीत इंचभर फरक पडतो. अस्तर टू बाय टू सुती घेतलं आणि रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला दिलं. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं रेशीम फुगे धरतं. साताऱ्याची हवा थंड म्हणतात, पण वैशाखात भरलेल्या कार्यालयात होमासमोर बसून बघा. काखेत काढता येतील असे घामाचे पॅड लावून घेतले. गडद अस्तर असेल तर भिजवताना रंग जातो का तेही कळतं. हिरव्याचा भरवसा धरू नये.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज मुंढ्याबद्दलचा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दलचा. हार घालायला हात वर करायचे तर मुंढा खोल हवा, असं मला वाटायचं. काकूंनी मांजरपाटाच्या नमुन्यावर दोन्ही करून दाखवलं. डावा मुंढा खोल, उजवा वर काखेजवळ. हात वर केले तर डावीकडचा ब्लाउज दोन बोटं वर सरकला आणि उजवीकडचा जागचा हलला नाही. मुंढा खाली असला की हाताबरोबर सगळी कडच वर खेचली जाते. वरचा मुंढा पहिल्यांदा काचल्यासारखा वाटतो, पण त्यातच हात मोकळा फिरतो. बाही कोपरापर्यंत हवी असेल तर दंडाचं माप वाकी घालून द्या, नाही तर वाकी बाहीवर चढत नाही आणि चढली तर रुतते.

मांजरपाटाचा हा नमुना म्हणजे मीटरभर स्वस्त कापड आणि एक जादा खेप. आग्रहाने करून घ्या. रेशमावर सुई एकदा गेली की भोकाची खूण राहते, त्यामुळे उसवून परत शिवायची मुभा तिथे नसते. सुईही बारीक, 11 नंबरची हवी.

माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, मात्र भरपूर. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड इंच ठेवायला सांगितली, कारण मधे केळवणं असतात. जानेवारीत घेतलेली छाती एप्रिलपर्यंत इंचभर वाढते आणि त्यात पुरणपोळीचा दोष नसतो. माझा ब्लाउज शेवटच्या ट्रायलला पाऊण इंच सोडावा लागला. कळी घातलेलं आसन मात्र नंतर वाढवता येत नाही, तिथे आधीच ढिलं ठेवायचं.

कमरेच्या पट्ट्यात बकरम, म्हणजे ताठ कापड, त्यावर दोन मोठे हूक आणि आतून नाडी. नुसत्या वेलक्रोवर राहू नका, रेशमाचा धागा त्यात अडकला की ओढला जातो आणि बसल्या-उठल्यावर वेलक्रो सुटतो. पदर वेगळा तुकडा असून तो कमरेशी जोडलेला असतो. तो न सोडता खालचं उघडता आलं पाहिजे. बाथरूमला जायचं म्हटलं तर पदराच्या पिना, कंबरपट्टा सगळं काढायला वीस मिनिटं कोण देणार आहे? म्हणून उघडण पदराच्या विरुद्ध बाजूला घेतली. खांद्यावर ब्लाउजच्या आतून सुती कापडाचा बोटभर तुकडा शिवून घेतला. पिन त्यातून गेली की रेशीम फाटत नाही.

शेवटची ट्रायल लग्नाच्या दहा दिवस आधी, त्याच दिवशीच्या चपला घालून. आरशासमोर उभं राहून काहीच कळत नाही. मांडी घालून पाच मिनिटं बसले, वाकून नमस्कार केला, हात वर केले, जिना चढले, लांब टांगा टाकून सात पावलं चालले. चालताना डाव्या पोटरीवर निऱ्या अडकत होत्या. काकूंनी निऱ्यांच्या आतून, गुडघ्याच्या वर दोन टाके घातले आणि त्या सरळ पडायला लागल्या. आत सायकलिंग शॉर्ट घाला. लेगिंगवर कापड चिकटतं.

शिलाई नऊवारीची 2,200 आणि अस्तराच्या ब्लाउजची 900 पडली. आरीकामाचे पैसे वेगळे. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडकं टाकून, पाणी न शिंपडता. रेशमावर पाण्याचे थेंब डाग ठेवतात आणि जरीची तार फार तापली की काळवंडते. हळदीला मात्र हे काही घालू नका, जुनी सुती साडी बरी.

उरलेले तुकडे मागून घ्या, विशेषतः काठाचे. वरातीत गाडीच्या दारात पदराचा कोपरा सापडून फाटला, तो त्याच काठाच्या चार इंचांनी जोडला आहे.