आंभोऱ्याहून डोंग्यातून, काठाकाठानं

विदर्भाला समुद्र नाही. पण पावसाळ्यानंतर गोसीखुर्दचं धरण भरलं की आंभोऱ्याच्या खाली वैनगंगा नुसती नदी राहत नाही. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसतच नाही. या पाण्यावरून, डोंग्यातच राहून, काठाकाठानं धरणाच्या दिशेनं जायचं माझ्या मनात कधीपासून होतं. यंदा डिसेंबरात एक ढिवर काका तयार झाले.

डोंगा लाकडी, सांध्यांना डांबर लावलेला. तळाशी धानाची तणीस, वर ताडपत्री, पत्र्याच्या पिंपाची छोटी चूल, तांदूळ, तेल, तिखट-मीठ. आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन कॅन. एवढ्या पाण्यावर जाताना पाणी कशाला न्यायचं, असं मी विचारलं.

"हे पानी आमी पेत नाही जी," काका म्हणाले, आणि वल्हं उचललं.

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. लहानपणी आई-बाबांसोबत आलो होतो, तेव्हा याच पाण्याची ओंजळ डोळ्यांना लावली होती.

पहिला दिवस सोपा गेला. काका किनाऱ्यापासून फार लांब जात नव्हते. पाण्यातून वर आलेले झाडांचे वाळके शेंडे बघून ते वळण घ्यायचे. खाली कुठे बांध आहे, कुठे जुनी पांदण, त्यांना तोंडपाठ. बुडालेल्या शिवारात जाळं कुठे अडकेल आणि कुठे नाही, हे माहीत असल्याशिवाय इथे मासेमारी होत नाही. संध्याकाळी जाळ्यात रोहू मिळाला. भात आणि लाल तिखटाचा रस्सा मी पाय पोटाशी घेऊन खाल्ला, कारण डोंग्यात दोघांना पसरायला जागा नसते. रात्री डोंगा एका बुंध्याला बांधला. तळाशी झिरपलेलं पाणी काका दर दोन-तीन तासांनी उठून डब्यानं उपसत होते. तो खरवडल्यासारखा आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या रात्री वारा फिरला. पहाटे डोळे उघडले तर आजूबाजूला पाणीच नव्हतं, नुसतं हिरवं रान. जलपर्णीचे फुगीर देठ आणि वर उभी पानं शिडासारखी वारा धरतात. जलपर्णीचा अख्खा तरंगता थर रात्रीतून सरकत येऊन आम्हाला चिकटला होता. बांबूनं ढकलत, हातानं उपटत बाहेर पडायला आम्हाला दोन तास लागले. एक झाड मी वर उचललं. काळी, झुपकेदार मुळं, त्यांना चिकटलेला गाळ आणि गटाराचा वास.

तो वास मला ओळखीचा होता. मी नागपूरचा. आमच्या घरांतलं सांडपाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. त्या मळावर ही वनस्पती पोसते. मी काकांना हे सांगितलं. खूप शरम वाटत होती.

"तुमी एकट्यानं थोडीच सोडलं जी," ते म्हणाले. पण जाळ्यात अडकलेली मुळं सोडवताना त्यांचे हात थांबले नाहीत. अर्धा दिवस त्यातच गेला, आणि त्या दिवशी मासा मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लांबून धरणाची भिंत दिसली. 33 दरवाजांची ती रांग क्षितिजावर बारीक रेघेसारखी. जवळ जायचं नसतं, म्हणून काकांनी अलीकडेच डोंगा काठाला लावला. दुसऱ्या कॅनच्या तळाशी जेमतेम दोन पेले पाणी उरलं होतं. त्यांनी चूल पेटवली आणि ते सगळं चहाच्या गंजात ओतलं.