तळहातावरचं पीठ

१२ ऑक्टोबर

शेजारी आज संध्याकाळी गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्या थोरल्या मुलाला चर्चचं पत्र आलं, धर्मप्रचाराला कुठे जायचं ते सांगणारं. पत्र म्हणायचं ते सवयीनं, आता ते फोनवरच येतं. त्याच्या वडिलांच्या वेळी मोठं पांढरं पाकीट यायचं, ते त्यांनी अजून जपून ठेवलंय. आजी-आजोबा, मामा, शाळेतले मित्र, सगळे गोळा झाल्याशिवाय उघडायचं नाही अशी रीत. मलाही बोलावलं होतं.

अमेरिकेत यूटा राज्यातल्या या ओरेममध्ये राहून अकरा वर्षं झाली. शेजारपाजार सगळा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, तरी हा प्रसंग इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. यांच्यात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला जातो. मुलीही जातात, दीड वर्ष. २०१२ पर्यंत मुलांसाठी ही अट १९ वर्षांची होती. कुठे जायचं ते आपण निवडायचं नाही, चर्च ठरवतं. खर्च मात्र मुलानं आणि घरच्यांनी करायचा. हा पोरगा दोन उन्हाळे लोकांची हिरवळ कापत होता, ते यासाठी.

तो मोठ्यानं वाचत होता आणि मध्येच थांबला. फिजी. मग पुढची ओळ, भाषा हिंदी. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

त्याच्या आईनं माझा हात धरला तो निघेपर्यंत सोडलाच नाही.

२० ऑक्टोबर

मी हिंदीची शिक्षिका नव्हे. शाळेत राष्ट्रभाषा सभेच्या प्रबोधपर्यंतच्या परीक्षा दिल्या, मग पुण्याच्या होस्टेलवर उत्तरेकडच्या मुलींबरोबर राहून जी आली ती. तरी हो म्हणाले. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी स्वयंपाक करताकरता.

आज नुसतं क आणि ख. या मुलांचा सुरुवातीचा क जन्मतःच हवा घेऊन येतो. 'कान' म्हणायला सांगितलं की 'खान' ऐकू येतं, आणि त्याला दोन्हींत फरकच कळत नाही. कानाला कळत नसेल तर डोळ्यांना दाखवावं म्हणून परातीतलं चिमूटभर पीठ त्याच्या तळहातावर ठेवलं आणि हात ओठांसमोर धरायला लावला. ख म्हटलं की पीठ उडालं पाहिजे, क म्हटलं की हलता कामा नये. पहिली दहा मिनिटं दोन्हींना उडत होतं. मग एकदा क आला आणि पीठ जागच्या जागी राहिलं. तो तसाच हाताकडे बघत राहिला, श्वास रोखून, जणू पाखरू येऊन बसलंय.

पोळ्या करपल्या दोन. त्याच्या धाकट्या भावानं त्याही तूप लावून खाल्ल्या.

दिवाळी पाडवा

फराळाचं ताट शेजारी दिलं. पोराला सांगितलं की फिजीतही दिवाळीची सुटी असते, सरकारी. त्याला हे माहीत नव्हतं. तिथं हिंदी का बोलतात हेही माहीत नव्हतं.

म्हणून आज व्याकरण बाजूला ठेवलं. १८७९ पासून १९१६ पर्यंत इंग्रजांनी साठ हजारांहून जास्त माणसं जहाजांत भरून फिजीला उसाच्या मळ्यांवर नेली. आधी कलकत्त्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही. पाच वर्षांचा करार. त्या 'अ‍ॅग्रीमेंट'चं त्यांच्या तोंडी झालं गिरमिट, आणि माणसं झाली गिरमिटिया. हुबळी-धारवाडकडे गिरमिट म्हणजे मुरमुऱ्यांचा चटकदार प्रकार, आम्ही मिरजेची मुलं लहानपणी सुट्टीत खायचो. त्याच शब्दात एवढ्या लोकांचा घाम आणि ताटातूट असेल हे मलाही फार उशिरा कळलं.

अवध, भोजपूरकडच्या बोली एकत्र होऊन तिथली भाषा झाली, तिला तिथं फिजी बात म्हणतात. एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, अनेक असले की 'हमलोग'. रेडिओ फिजी टू लावून ऐकवला, पण त्यावरच्या बातम्या आपल्या पुस्तकी हिंदीतल्या. म्हणजे पोराला दोन हिंदी लागणार, एक सभेत उभं राहून बोलायची आणि एक ओसरीवर बसून. वर्गात पहिलीच मिळेल. दुसरी त्याला तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी आधी ऐकत बसावं लागेल. हे मी त्याला दोनदा सांगितलं.

१८ नोव्हेंबर

आज त्यानं विचारलं, मी त्यांचं धर्मपुस्तक वाचेन का. विचारताना कान लाल झाले होते.

मी सरळ सांगितलं. आमच्या घरी पंढरीची वारी आहे, आजोबा गेले तेव्हा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मला दुसरं दार शोधायचं नाही. आणि हेही सांगितलं की तू जिथं चाललास तिथल्या कित्येक घरांत गिरमिटियांनी जहाजातून नेलेलं रामायण असेल. सगळं मागं सुटलं तेव्हा त्यांनी ते धरून ठेवलं. त्यांच्या दारात उभा राहशील तेव्हा हे लक्षात असू दे.

तो गप्प झाला. मग म्हणाला, त्यांना मी आधी ते वाचून दाखवायला सांगेन.

या कामाबद्दल माझ्या मनात अढी आहे. दुसऱ्याच्या देवघरात आपला देव घेऊन जाणं मला पटत नाही, आणि ते मी त्याच्या आईलाही बोलून दाखवलंय. तरी मंगळवारी पोरगा दारात आला की मी परात काढते. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी आहेत. एकीसाठी दुसरी सोडावी असं वाटत नाही.

९ डिसेंबर

प्रार्थना. भाषा शिकायला गेलेल्या या मुलांना सगळ्यात आधी हीच शिकवतात. चार टप्पे असतात: हाक मारायची, आभार मानायचे, मागायचं ते मागायचं, आणि येशूच्या नावानं संपवायची.

हाकेतच अडलं. 'पिता'चं 'पीडा' होत होतं. अमेरिकन जीभ दोन स्वरांमधला ट नुसता टिचकी मारून सोडून देते, त्यांचं 'वॉटर' आपल्याला 'वॉडर' ऐकू येतं. 'हमारे स्वर्गीय पीडा', पुन्हा 'हमारे स्वर्गीय पीडा'. ज्याला मनापासून हाक मारायची त्याचंच नाव तोंडातून असं निघतंय हे मी अर्थ सांगितल्यावर त्याला कळलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बसलोच. जीभ टाळ्याला नाही, वरच्या दातांच्या मागं. दात, तूप, ताक, पिता. तासाभरानं आला. मोठ्यानं नाही, पुटपुटल्यासारखा, पण स्वच्छ त.

मग त्यानं विचारलं, देवाला आप म्हणायचं की तुम. त्याची आई न्यायला आली होती, ती म्हणाली, आम्ही इंग्रजीत प्रार्थनेत 'दाऊ' आणि 'दी' म्हणतो, आदर म्हणून. मला कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी शिकवलेलं आठवत होतं की जुन्या इंग्रजीत दाऊ म्हणजे आपला 'तू', जवळच्या माणसाचा. तोच शब्द रोजच्या बोलण्यातून गेला आणि देवापुढं तेवढा उरला, म्हणून आदराचा झाला. आमच्याकडे उलटं. वडिलांना अहो, आईला अगं, आणि विठोबाला सरळ अरे-तुरे. जनाबाई तर त्याच्याशी भांडतेसुद्धा.

वर्गात 'आप' शिकवतील, तू आपच म्हण, असं मी सांगितलं. पण त्याच्या आईच्या मनात ते राहिलेलं दिसलं. जाता जाता दारात थांबून म्हणाली, तुमच्यात आईला कुणी आदरानं बोलत नाही? म्हटलं, आदर असतो, अंतर नसतं.

६ जानेवारी

काल रात्री त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला रीतसर मिशनरी केलं. आजपासून तो एल्डर. अर्थ पाहिला तर वडीलधारा. दाढी अजून नीट आलेली नाही. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. पहिल्या नावानं हाक मारायची नाही.

महामारीपासून प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरूनच असतो, लॅपटॉपसमोर. एकट्यानं कुठं जायचं नाही हा नियम आता लागू, म्हणून संध्याकाळी धाकट्याला सोबत घेऊन आला. धाकटा त्याला नेहमीच्या नावानं हाक मारायला गेला आणि जीभ चावली. मला फार वाईट वाटलं त्याचं. नऊ वर्षांचा आहे.

आज शिकवलं नाही. खिचडी-कढी केली, दोघं जेवले.

१४ जानेवारी

घरचे सोडून आले त्याला. प्रोव्होचं मिशनऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र घरापासून पंधरा मिनिटांवर, बीवायू विद्यापीठाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर ते मोठं पांढरं 'वाय' अक्षर दिसतं त्याच्या पायथ्याशी. १९६१ मध्ये मेक्सिको, अर्जेंटिनाच्या व्हिसासाठी खोळंबलेल्या मुलांना तोवर स्पॅनिश तरी शिकवू म्हणून जे सुरू झालं त्याचं हे आजचं रूप. आता तिथं पन्नासहून जास्त भाषा चालतात. पंधरा मिनिटं. पण तो तिथून घरी येणार नाही आणि घरचे भेटायला जाऊ शकणार नाहीत. फिजी असो नाहीतर ओरेम, आजपासून सारखंच लांब.

त्याची आई सांगत होती, आत जाता येत नाही. गाडी कडेला लावायची, एक मिशनरी पुढं येतो, बॅगा उतरवतो, मिठी मारायची, निघायचं. मागं दुसरी गाडी उभी असते. "बॅगेचं चाक अडकलं होतं," ती म्हणाली, "मी खाली वाकले ते काढायला, आणि वर बघितलं तर तो दारापाशी पोचला होता."

यूटा व्हॅलीत या दिवसांत थंड हवा खाली कोंडून राहते. आठवडाभर ऊन नाही, डोंगर दिसत नाहीत.

२ फेब्रुवारी

आठवड्यातून एक दिवस त्यांचा तयारीचा, कपडे धुवायचे, पत्रं लिहायची. त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल करता येतो. हे २०१९ पासून. त्याआधी वर्षाला दोनच फोन, नाताळ आणि मदर्स डे. त्याचे वडील चिलीत होते, दोन वर्षांत आईचा आवाज चार वेळा ऐकला. जेवताना सहज सांगितलं त्यांनी, चार, आणि मग बराच वेळ ताटात बघत बसले.

मला सतराव्या वर्षीचं पुण्याचं होस्टेल आठवलं. रविवारी रात्री दर कमी व्हायचे तेव्हा एसटीडी बूथवर रांग. आत शिरलं की डोळ्यांपुढं मीटरचे लाल आकडे पळायला लागायचे, आणि आई मात्र पहिला पूर्ण मिनिट एकच विचारायची, जेवलीस का. मी चिडायचे. बोलायचं इतकं असायचं.

आज दोन मिनिटं मलाही बोलू दिलं. पोरगा बारीक झालाय. साडेसहाला उठतो, साडेदहाला दिवे बंद, मधे बहुतेक वेळ वर्ग. शिकवणारा स्वतः नुकताच परत आलेला विशीतला मुलगा, तिसऱ्याच दिवसापासून वर्गात इंग्रजी सोडायला लावली. जोडीदार आयडाहोचा, एका शेतकऱ्याचा मुलगा, त्याला क-ख जमत नव्हतं.

"फिर मैंने आटा माँगा," तो म्हणाला. "रसोई से. थोड़ा सा." आणि तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.

वाक्यातल्या प्रत्येक त, थ, ट कडे माझे कान लागले होते. 'थोड़ा' थोडा घसरला. मी काही बोलले नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला दार वाजलं. त्याची आई, अंगात घरचाच कोट, केस ओले. तासाभरानं कॉल होता. म्हणाली, मला एक वाक्य शिकव. एकच. त्यानं माझ्याकडून त्याच्या भाषेत काहीतरी ऐकावं.

काय विचारायचंय म्हटलं. 'कसा आहेस' नको म्हणाली, त्यावर तो बरा आहे असंच सांगतो. थोडा विचार करून म्हणाली, तू सांगितलेलंस ना, तुझी आई काय विचारायची.

मग मी लिहून दिलं, रोमन अक्षरांत: तूने खाना खाया?

तिनं कागद घेतला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. हा कुठला, त्याच्या वहीत तर सगळीकडे आप आहे. म्हटलं, तो वर्गात नाही शिकवत, तिथं त्याला कुणी तो म्हणणारही नाही. आपण देवाबद्दल बोललो होतो तो हा. तिनं मान हलवली. ओठांनी आवाज न करता दोनदा म्हणून पाहिला.

बाकीच्या दोन शब्दांत दोन ख. मी डबा उघडला आणि तिच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवलं. तिनं हात ओठांसमोर धरला, डोळे मिटले.

"तूने खाना खाया?"

दोन्ही वेळा उडालं. कोटावर, ओट्यावर, माझ्या चहात. ती म्हणाली, अजून एकदा, आणि रिकामा हात पुढं केला.